गणूकाकाचं शेवटचं पान

कापसाचा हंगाम लागला की आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूवर पांढरी लव बसायची. माठावर, देवाच्या फोटोवर, माझ्या दप्तरावर, परातीतल्या पिठावरसुद्धा. अकोल्यातल्या ज्या जिनच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, भिंतीला आमची चाळ टेकलेली होती, तिथली यंत्रं दिवसभर घरघरत राहायची आणि त्या घरघरीत आम्ही एकमेकांशी बोलायला शिकलो. त्यामुळे अजूनही मी मोठ्यानंच बोलते. माझी सून पुण्याची. ती नवी नवी घरात आली तेव्हा तिला वाटायचं, सासूबाई सारख्या भांडतात. मी तिला सांगितलं, बाई, आम्ही जिनच्या भिंतीशी वाढलेली माणसं, आमचा हळू आवाज हाच.

माझे बाबा त्या जिनच्या मालकाच्या जीपवर ड्रायव्हर होते. खाकी सदरा, खाकी टोपी आणि टोकाला वर वळलेल्या मिशा. माय म्हणायची, "या मिशीवर माये दोन लुगडे वाळतीन." बाबा तिच्या बोलण्यावर कधी चिडत नसत. मालकाला घरी सोडून जीप जिनकडे आणताना चाळीच्या कोपऱ्यावर ते दोनदा हॉर्न द्यायचे, अगदी छोटे, पोंप पोंप. तो ऐकला की माय तव्यावर भाकर टाकायची. बाबा जीप लावून, पाय धुऊन आत येईपर्यंत भाकर फुगलेली असायची. डाळकांदा, भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा हे आमचं जेवण, आणि आज मी कितीही ठिकाणी जेवले तरी माझ्या जिभेला भूक म्हणजे तेच कळतं. मालक परगावी गेले की बाबा जिनच्या मागच्या मोकळ्या जागेत गोवऱ्या पेटवून स्वतः कणकेचे रोडगे भाजायचे. हात भाजून घ्यायचे, फुंकर मारायचे आणि पहिला रोडगा मला द्यायचे, दादाला नाही. दादा म्हणायचा, "मी का सावत्र हावो?" बाबा म्हणायचे, "तू शिकत नाई. ते शिकते. तिले पहिला."

दादा म्हणजे दिगंबर, माझा मोठा भाऊ. मॅट्रिकला गणितात राहिला तो राहिलाच. पण त्याच्या हातात चित्र होतं. कोळसा मिळाला तर भिंतीवर, खडू मिळाला तर फरशीवर. बाबांच्या मिशा तर त्यानं इतक्या वेळा काढल्या की आमच्या न्हाणीच्या भिंतीला त्या उगवल्यासारख्या वाटायच्या. शेवटी रफीकचाचांनी त्याला आपल्या दुकानात घेतला.

रफीकचाचा बाइंडर होते. मैद्याची खळ शिजवायची, कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद टाकायचा, दाभणानं भोकं पाडून जाड दोऱ्यानं पानं शिवायची, असं त्यांचं काम. शाळेची पुस्तकं, दुकानदारांच्या वह्या, कुराणशरीफ, पोथ्या, सगळं त्यांच्याकडे बांधायला यायचं आणि ते सगळ्याला हात धुऊनच हात लावायचे. जोडीला दुकानाच्या पुढच्या भागात एक बाक होता आणि भिंतीला दोरीवर कॉमिक्स टांगलेली असायची. भाडं द्या, बाकावर बसून वाचा, जागेवर टांगून जा.

आता एक गोष्ट सांगते, जी असं दुकान पाहिलेल्यालाच ठाऊक असते. भाड्याच्या पुस्तकाचं शेवटचं पान सगळ्यात आधी जातं. पोरं पुस्तक उलटं गुंडाळून धरतात, एकाच्या खांद्यावरून दुसरा वाचतो, शेवट आला की ओढाओढ होते. कोणाला शेवट फार आवडला तर तो पान खिशात घालून चालू लागतो. रफीकचाचा कपाळावर हात मारायचे, "बिना आखरीवाली किताब कौन लेगा रे?" मग ते काम दादाकडे आलं. ज्याचं शेवटचं पान गेलं असेल ते पुस्तक त्यानं घ्यायचं, आधी वाचलेल्या पोरांना विचारायचं की शेवटी काय झालं होतं, आणि तसं पान काढून, रंगवून, खळीनं चिकटवून द्यायचं. कोणालाच आठवत नसलं तर दादा आपल्या मनानं शेवट करायचा. कालांतरानं अशी वेळ आली की आमच्या भागातली पोरं छापील शेवटापेक्षा दिगूभाऊचा शेवट मागू लागली.

सगळ्यात जास्त फाटायचं ते 'गुलमोहर कॉलनी'. दर महिन्याला मुंबईहून यायचं. नंदू, शैला, जाड्या आणि विकी अशी चार कॉलेजातली मुलं. नंदू सरळमार्गी, शैला दोन वेण्यांची, वर्गात पहिली. जाड्या सायकलवर, कॅरिअरला कायम खाऊचा डबा. आणि विकी श्रीमंताचा, मोटारवाला. त्या कॉलनीत वाईट म्हणावं असं काहीच घडत नसे. कोणाचा पोपट हरवायचा, गॅदरिंगच्या नाटकाचा मुकुट सापडत नसायचा, आणि तो शोधता शोधता विकी काहीतरी खोडी करायचा. ती खोडी प्रत्येक वेळी शेकायची कोणावर, तर विकीच्या ड्रायव्हरवर, गणूकाकावर. मिशा, खाकी टोपी, गोल पोट. शेवटच्या चित्रात गणूकाका चिखलात पडलेला, टोपी कुत्र्याच्या तोंडात, आणि चौघं पोट धरून हसताहेत. त्याला पुऱ्या पुस्तकात बोलायला एकच शब्द असायचा, "बाप रे!"

मी वयात आल्यावर मायनं मला त्या बाकावर बसायची बंदी केली, म्हणून दादा पुस्तकं घरी आणायचा आणि मी चुलीपुढे बसून मोठ्यानं वाचून दाखवायची. बाबांना अक्षरओळख नव्हती. ते चित्रं पाहायचे. गणूकाकाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाले, "अरे, हा तर मीच हावो!" आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला. तेव्हापासून चाळीतली पोरं त्यांना गणूकाकाच म्हणू लागली, आणि तेही ओ देऊ लागले. अमरावतीला कॉलेजात गेल्यावर होस्टेलमधल्या एका मुलीशी माझं यावरून कडाक्याचं भांडण झालं होतं. ती म्हणे, हरवलेला पोपट देवळात सापडतो. मी म्हणे, गणूकाकाच्या टोपीत. ती तिच्या जागी बरोबर होती. मी वाचला होता तो दादाचा शेवट होता.

मालकाचा मुलगा तेव्हा बाहेरगावी शिकत होता, दिवाळीला घरी आला होता. त्याचं नाव मी लिहीत नाही. तो आज नातवंडांचा आजोबा आहे, एका लग्नात मला दिसला, वाकून नमस्कार करणाऱ्यांना आशीर्वाद देत होता. दिवाळीच्या तोंडावर एके दिवशी त्यानं बाबांकडून किल्ली मागून घेतली आणि दर्यापूरच्या रस्त्यावर जीप पिटाळली. बाबा शेजारच्या सीटवर होते. "हळू घ्या छोटे मालक, हळू घ्या," म्हणत होते. समोरून एक सायकलवाला येत होता. बहिणीला दिवाळीसाठी आणायला निघाला होता, हँडलला फराळाची पिशवी. तो जागीच गेला. चिवडा सगळ्या रस्त्यावर सांडला होता, एवढंच बाबांनी आम्हाला सांगितलं, आणि पुढे तो चिवड्याचा उल्लेखही त्यांनी पुन्हा केला नाही. त्या माणसाचं नाव आमच्या घरात कोणी घेत नसे. पण पुढे मायनं दर अखजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आमच्या पितरांच्या घागरींशेजारी एक घागर जास्त मांडायला सुरुवात केली. ही कोणाची, असं मी एकदाच विचारलं. ती म्हणाली, "हाये एक लेकरू कोणाचं तरी."

दुसऱ्या दिवशी मालक आमच्या घरी आले. त्याआधी ते चाळीत कधी आले नव्हते. खाटेवर बसले. मी शेजारणीकडून कपबशी मागून आणली, कारण आमच्या कपाला कान नव्हता, पण घाईत मायनं चहा आमच्याच कपात ओतला. मालकांनी तो बिनकानाचा कप दोन्ही हातांनी धरला आणि चहा पूर्ण प्याले. असल्या गोष्टी का लक्षात राहतात देव जाणे.

"शंकर," मालक म्हणाले, "पोराचं आयुष्य आहे."

बाबा उभेच होते. "हाव मालक."

"लायसन तुझं आहे. रस्त्यावर अपघात होतात, ड्रायव्हरला फार होत नाही. वकील माझा. घरचं मी पाहतो. तुझी पोरगी हुशार आहे म्हणतात. तिला अमरावतीला कॉलेजात घालू. काय शिकायचं ते शिकू दे."

"हाव मालक."

दादा दारात उभा होता. तो म्हणाला, "बाबा, तुमी काहून हाव म्हणून राहिले? तुमी चालवत होते का गाडी?"

मालक हसले, तसं कीव आल्यासारखं. "पोरगा तरणा आहे," म्हणाले आणि उठले.

आजच्या वाचकाला वाटेल, चाळीत कुजबुज झाली असेल. काही झाली नाही. मालकाच्या पोराचा गुन्हा ड्रायव्हरनं आपल्या नावावर घेणं ही आमच्याकडे रीतच होती. चाळीत एक ट्रक ड्रायव्हरही राहायचे, ते बाबांना म्हणाले, "लायसन कोणाचं? तुह्यं. मंग गुन्हा कोणाचा? झालं तर मंग." आणि तंबाखू चोळत बसले. माय रडली ती एकदाच, भांडी घासताना, पाठमोरी. एकटा दादा तेवढा गप्प झाला. जेवायला यायचा, पाटावर बसायचा, उठून जायचा. कोर्टाच्या तारखा पडत होत्या, पुढे ढकलल्या जात होत्या, जामिनावर सुटलेले बाबा तीच जीप चालवत होते आणि कोपऱ्यावर तसेच दोनदा हॉर्न देत होते.

या काळात दादानं दुकानाच्या मागच्या खोलीत बसून एक अख्खं पुस्तक काढलं. आजवर तो दुसऱ्यांच्या गोष्टींना शेवट लावायचा, आता त्यानं पहिल्या पानापासून सुरुवात केली. कव्हर मात्र खरं होतं. आतली पानं गळून गेलेल्या 'गुलमोहर कॉलनी'चं एक कव्हर पडून होतं, चौघं हातात हात घालून उड्या मारताहेत असं. रफीकचाचांनी आपल्या हातानं त्याच्यात दादाची पानं शिवली आणि इतरांच्या बरोबर दोरीवर टांगलं. पुढे मी चाचांना विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली? म्हणाले, "बेटी, लडके ने बनाया था, मैंने बांध दिया. बांधना मेरा काम." 

ते पुस्तक दादानं मला घरी आणून दाखवलं नाही. मला जे कळलं ते चाळीतल्या पोरांच्या तोंडून, तुकड्या-तुकड्यांत. पोरं त्याच्यासाठी बाकावर रांग लावून बसायची म्हणे. "गणूकाकावालं आलं का चाचा?" हा एकच प्रश्न.

आणि एका सकाळी बाबा चाळीच्या नळावर जीप धूत होते. पाचसहा पोरं येऊन उभी राहिली.

"गणूकाका!"

"काय बे?" बाबा हसतच वळले.

"गाडी तुमी नव्हते ना चालवत?"

बाबांचा हात थांबला.

दुसरा म्हणाला, "विकी चालवत होता. जाड्याले त्यानंच उडवलं. आमी वाचलं ना."

"सांगून टाका ना गणूकाका. कोर्टात सांगून टाका."

त्यातलं सगळ्यात लहान पोर पुढे सरकलं. "अन् शेवटच्या पानात ना, तुमी..." तेवढ्यात माय खराटा घेऊन बाहेर आली. "पळा रे मुडद्यांनो! दुसरा धंदा नाई का सकाळी सकाळी?" पोरं पांगली. नळ चालूच होता. बाबांच्या हातातलं फडकं तसंच हातात, आणि पाणी जीपखालून वाहत आमच्या दारापर्यंत आलं.

आत येऊन त्यांनी मला विचारलं, "सुमे, काय लिहिलं हाये वं त्याच्यात?"

"मले माहीत नाई बाबा. दादानं दाखवलं नाई."

त्यांनी टोपी घातली आणि दुकानाकडे गेले. पुढचं मला रफीकचाचांनी सांगितलेलं आहे. दादा रंग आणायला बाजारात गेला होता. बाबा पोरांच्या मधे बाकावर बसले. चाचा म्हणाले, "शंकरभाई, पढ के सुनाऊं?" बाबा म्हणाले, "नको. चित्रं दिसतात मले." एकेक पान सावकाश उलटत गेले. एका ठिकाणी थोडे हसले, कारण दादानं मालकाच्या हातातला कप बिनकानाचा काढला होता. शेवटच्या पानावर मात्र ते फार वेळ थांबले. इतका वेळ, की शेजारचं पोर चुळबुळ करून उठून गेलं. मग त्यांनी दोऱ्याजवळची कड जिभेनं ओलावलेल्या बोटानं भिजवली आणि बाइंडरनं काढावं तसं ते पान अलगद सोडवलं, घडी केली, खिशात ठेवलं. "बाकीचं राहू दे," म्हणाले. "पोट्ट्याचं हाये. पण आता टांगू नको."

त्या दिवशी जेवताना दादा प्रथम बोलला.

"माया शेवट काहून फाडला?"

"जेव," बाबा म्हणाले.

"सांगा ना. काहून फाडला?"

"जेव म्हणलं ना तुले."

"तुमाले मालकाचाच शेवट पायजे. चिखलात पडाले पायजे, अन् त्याईनं हसाले पायजे."

बाबांनी आपल्या ताटातली अर्धी भाकर मोडली आणि त्याच्या ताटात ठेवली. दादा ताटावरून उठला. आमच्याकडे भरल्या ताटावरून उठणं म्हणजे काय ते सांगायला नको. मायनं त्याचा हात धरला, तो त्यानं सोडवून घेतला. दुसऱ्याच दिवशी तारीख होती. बाबांनी कोर्टात सांगितलं, चाक माझ्या हातात होतं. शिक्षा झाली. दादा त्याच दिवशी पेटी उचलून अमरावतीला गेला.

पुढची कथा विचित्र आहे. बाबांना अमरावतीच्याच तुरुंगात पाठवलं. मालकानं शब्द पाळला आणि मलाही अमरावतीच्याच कॉलेजात घातलं. म्हणजे आम्ही तिघं एका गावात, आणि माय एकटी अकोल्याला जिनच्या भिंतीशी. मी भेटीच्या दिवशी तुरुंगात जायची. जाळीपलीकडे बाबा विचारायचे, "काय शिकून राहिली सध्या?" मी काय काय सांगायची, इतिहासातलं, राज्यशास्त्रातलं. ते मान डोलवायचे, आणि निघताना विचारायचे, "दिगू भेटते का?" भेटायचा. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. 'येथे ब्लाऊज शिवून मिळतील.' 'ताजे दही.' पण नुसती अक्षरं. कोणी म्हणालं की बाजूला एखादी गाय काढ, तर म्हणायचा, गायीवाला दुसरा पाहा. मी एकदा शिडीखाली उभी राहून विचारलं, "दादा, चित्र काहून नाई काढत रे आता?"

"अक्षर बरं. कोणाचा जीव गुंतत नाई त्याच्यात."

"शेवटच्या पानावर काय होतं?"

त्यानं ब्रश रंगात बुडवला. "आता काय करतं ऐकून? ज्याच्यासाठी काढलं होतं त्यानंच फाडलं."

तुरुंगात तो एकदाही आला नाही. बाबा सुटले त्या दिवशी मी आणि माय आणायला गेलो होतो. बाबांनी दारातून बाहेर पडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. मग म्हणाले, "चला." त्यांनी पुन्हा कधी चाक धरलं नाही. जिनमध्ये रुईचे गठ्ठे मोजायला बसायचे. कोपऱ्यावर हॉर्न वाजायचा बंद झाला, आणि माय भाकर कधी टाकायची या विचारात तव्यापुढे बसून राहायची.

मी बी.ए. झाले. आमच्या दोन्ही बाजूंच्या घराण्यात, आईकडच्या आणि वडिलांकडच्या, पुरुषांत की बायकांत, कॉलेजची पदवी पहिली माझी. हे मी मान वर करून सांगते. एका शहाण्या नातेवाइकानं एकदा मला सुनावलं, की तुझं शिक्षण मालकानं केलं. मी त्याला तिथंच म्हटलं, मालकानं पैसे दिले असतील, शिक्षण माझ्या बापानं केलं, तेही आत बसून. निकाल लागला तेव्हा दादानं एका ट्रकवाल्याच्या हाती पाटी पाठवली. निळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं, सुमन शंकर, बी.ए. आमच्या चाळीच्या दाराला तेव्हा नीट कडीसुद्धा नव्हती, आणि वर ही पाटी. लोक हसले. बाबा मात्र जाता-येता त्या अक्षरांवरून बोट फिरवायचे. "हे काय?" "हे सु." "अन् हे?" "हे म." असं करता करता माझं नाव तेवढं त्यांना वाचता यायला लागलं.

दादाला कावीळ झाली. अंगावर काढली. चाळिशी पाहिली नाही त्यानं. मी कळवलं तेव्हा बाबा अमरावतीला आले, पण ते पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. बाप-लेकात त्या जेवणानंतर एक शब्द झाला नव्हता. बाबांनी त्याच्या खोलीत पाहिलं, ब्रश स्वच्छ धुऊन डब्यात उभे करून ठेवलेले होते. ते म्हणाले, "हात चांगला होता पोट्ट्याचा." एवढंच.

माय गेल्यावर बाबांना मी माझ्याकडे आणलं. मोतीबिंदू काढला, दिसायला चांगलं लागलं. आणि एक दिवस दुपारी रफीकचाचांची मुलगी दारात उभी. चाचा गेले होते, दुकान आवरलं होतं. तिनं कापडात गुंडाळलेलं पुस्तक माझ्या हातात ठेवलं. "अब्बा बोल के गए थे, ये दिगूभाई का है, सुमन को देना."

कव्हरवर ती चौघं हातात हात घालून उड्या मारत होती. बाबा खिडकीजवळ खुर्चीवर बसले होते. त्यांनी पाहिलं आणि ओळखलं. म्हणाले, "वाच."

मी आयुष्यात पहिल्यांदा ते वाचत होते. दादानं त्या मुलांचे चेहरे बदलले नव्हते. कॉलनी तीच, गुलमोहर तेच, हसरी तोंडं तीच. फक्त ती मोठी झाली होती. जाड्या सायकलवर निघालाय, कॅरिअरला डबा. पुढच्या चित्रात सायकलचं एक चाक हवेत फिरतंय आणि रस्त्यावर फराळ सांडलाय. विकी स्टेअरिंगवर, हसतोय, कारण त्याला हसण्याखेरीज दुसरं तोंडच कोणी दिलेलं नव्हतं. नंदू आता फौजदार आहे आणि मोजपट्टी घेऊन भलतीकडेच मोजतोय. शैला वकील झालीय, दोन वेण्या तशाच, आणि ती विकीच्या वडिलांचे कागद तयार करतेय. सगळे हसताहेत. मालक खाटेवर बिनकानाचा कप धरून बसलेत. आणि सगळ्या पुस्तकभर गणूकाका एक अक्षर बोलत नाही, 'बाप रे' सुद्धा नाही. न्यायाधीश विचारतात, गाडी कोण चालवत होतं? गणूकाकाच्या डोक्यावर बोलण्याचा फुगा काढलाय, आणि तो रिकामा आहे. पान उलटलं की पुठ्ठा.

मी थांबले. मला इतकी वर्षं वाटत होतं की मालकाचं नाव येऊ नये म्हणून बाबांनी पान फाडलं. पण जे लपवायचं ते सगळं तर इथेच होतं. विकी होता, जीप होती, खाट होती, कप होता. त्याला त्यांनी हात लावला नव्हता.

"बाबा," मी विचारलं, "मंग शेवटचंच काहून काढलं?"

"हे सगळं पाहून मले काही नाई वाटलं," म्हणाले. "हे त झालंच होतं. शेवटच्या पानात गणूकाका घरी आल्ता." त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक मांडीवर घेतलं आणि कोऱ्या पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. "इथी दार. दारात पोरगी, हातात पुस्तक, ते तू. इथी तो, टोपी काढलेली. मागं तुही माय. अन् जीप अशी दूर, रस्त्यावर, दार उघडं, कोणीच नाई तिच्यात. हॉर्न कोण वाजवीन? तरी तुह्या मायनं भाकर टाकली होती तव्यावर. फुगलेली काढली होती त्यानं." त्यांचं बोट तिथंच राहिलं. "अन् कोणी हसून नोतं राहिलं. ते पान तिथी लटकलं असतं, त मी पुन्हा जाऊन पाहिलं असतं. मंग कोर्टात मी उभा राहत नोतो, सुमे. खरं सांगून सीधा घरी आलो असतो. तुले त शिकवायचं होतं."

"हे दादाले काहून नाई सांगितलं?"

"सांगतलं असतं, त त्यानं जाऊ देलं असतं का मले?"

शिक्षा झाली तेव्हा पान त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होतं. तुरुंगात कपडे जमा केले, सुटताना परत मिळाले तेव्हा कोणीतरी भलेपणानं सदरा धुऊन ठेवला होता. खिशात कागदाचा लगदा निघाला. तो त्यांनी तुरुंगाच्या दारातच टाकला, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. तेव्हा मी शेजारीच उभी होते.

"त्या पानावर वर फुग्यात अक्षरं होती," बाबा म्हणाले. "गणूकाका काहीतरी बोलत होता. दोन ओळी. चित्र दिसलं मले, पण ते काही वाचता आलं नाई." पुठ्ठ्यावरचं बोट त्यांनी थोडं वर सरकवलं आणि माझ्याकडे पाहिलं, तुरुंगाच्या जाळीतून, काय शिकून राहिली विचारताना पाहायचे तसंच. "तू असती त वाचलं असतं."